१००० यार्डांसाठी स्कोप: ५० पट, ६० पट की सरळ ८०?

तिरपा_वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत, एफ-टीआर म्हणजे बायपॉडवाल्या (दोन पायांचा टेकू) गटात .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलने खेळतो. आतापर्यंत ३०० आणि ६०० यार्डांवर एका ६-२४×५० (६ ते २४ पट, पुढचं भिंग ५० मिमी) स्कोपवर निभावून नेलं. आता १००० यार्डांवर उतरायचंय आणि तिथे हा गडी तोकडा पडतोय. रेटिकल (नेमाच्या रेघा) पहिल्या फोकल प्लेनमधलं, म्हणजे पटीबरोबर रेघही जाड होणारं, आणि मधली रेघ चांगलीच जाड. व्ही-बुलचा (टार्गेटच्या अगदी आतल्या कडीचा) बराचसा भाग तिच्याखाली झाकला जातो. नेम मधोमध आहे की बोटभर डावीकडे, कळायला मार्ग नाही.

नवा स्कोप एकदाच घ्यायचा आहे. सध्याची यादी अशी: नाइटफोर्स कॉम्पिटिशन १५-५५×५२, व्होर्टेक्स गोल्डन ईगल १५-६०×५२, मार्च हाय मास्टर १०-६०×५६, साइट्रॉन १०-५०×६०. मार्चचा ८-८०×५६ पण डोळ्यांत भरलाय, खोटं कशाला बोलू. रायफल बायपॉडसकट आणि स्कोपशिवाय ७.३ किलोच्या आसपास आहे, म्हणजे वजनाचंही बघावं लागणार.

मुख्य प्रश्न पटीचाच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दीडशहाणा

८०. पुढचा प्रश्न?

नुसताच_वाचक

एक बाळबोध शंका. छिद्राच्या साइटने १००० यार्डांवर मारणारे लोक आहेत असं ऐकलंय. मग तुम्हाला ६० पट कशाला लागते?

बायपॉडबाई

शंका अजिबात बाळबोध नाही. फुलबोअर टार्गेट रायफलवाले आजही १००० यार्डांवर स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) आणि छिद्राची साइट यांच्यावरच मारतात, आणि झकास मारतात. एफ-क्लास हा त्याचाच फाटा. कॅनडाच्या जॉर्ज फार्क्युहारसन यांनी तो सुरू केला, एफ हे अक्षर त्यांच्याच आडनावाचं. वय झालेल्या, डोळे आणि खांदे साथ न देणाऱ्या नेमबाजांना स्कोप आणि टेकू वापरून खेळात राहता यावं, हा हेतू. पण एवढी सोय दिल्यावर टार्गेटही आवळावं लागलं. १००० यार्डांवर फुलबोअरची आतली कडी १० इंचांची, आमची व्ही-बुल ५ इंचांची. म्हणजे साधारण अर्धा एमओए (अंशाचा साठावा भाग, १००० यार्डांवर साडेदहा इंचांच्या आसपास). त्या ५ इंचांतही नेमका कुठे टेकलाय हे बघायला पट लागते.

काचबिंदू

पटीचा आकडा जरा बाजूला ठेवा, आधी पुढच्या भिंगाचं बघू.

दोन ठिपके वेगवेगळे दिसायला त्यांच्यात किमान किती अंतर हवं, हे भिंगाच्या व्यासावर ठरतं. खगोलवाल्यांचं एक सोपं सूत्र आहे, डॉसची मर्यादा: ११६ भागिले व्यास (मिलिमीटरमध्ये), उत्तर आर्कसेकंदांत (एमओएचा साठावा भाग). ५२ मिमीला २.२, ५६ मिमीला २.१, ६० मिमीला १.९. तुमच्या यादीतल्या सगळ्या स्कोपना निसर्गाने दिलेली हद्द जवळपास सारखीच आहे. महागडी काच त्या हद्दीच्या जवळ पोचते, स्वस्त काच अलीकडेच थांबते. हद्द ओलांडणारं कोणी नाही.

आता डोळा. चांगली नजर साधारण ६० आर्कसेकंदांचा तपशील वेगळा ओळखते. ६० ला २.१ ने भागा, २९ येतात. ५६ मिमीच्या भिंगात जेवढा तपशील आहे, तेवढा जवळपास तिशीच्या पटीतच डोळ्यापर्यंत पोचतो. पुढे पट वाढवली की चित्र मोठं होतं, चित्रात नवं काही येत नाही.

.३०८ च्या गोळीचा व्यास ७.८ मिमी. ३०० यार्डांवर ते भोक ५.९ आर्कसेकंदांचं भरतं, म्हणून आरामात दिसतं. १००० यार्डांवर तेच पावणेदोन आर्कसेकंदांचं होतं, म्हणजे भिंगाच्या मर्यादेपेक्षाही लहान. '८० पट घेतली की १००० यार्डांवर भोकं दिसतील' या आशेवर कोणी स्कोप घेत असेल तर त्याने हे गणित एकदा कागदावर करावं.

पिटातला

भोकं तुम्ही बघूच नका, त्यासाठी आम्ही टार्गेटखालच्या खंदकात, पिटात, राबतोय. प्रत्येक गोळीनंतर टार्गेट खाली घेऊन भोकात डिस्क लावून वर पाठवतो. ती दिसत नसेल तर मात्र स्कोप नाही, डोळे तपासून घ्या.

दीडशहाणा

काचबिंदू काका, तुमचं २९ चं गणित पुस्तकी आहे. नजरेच्या टोकावर दिसणारी गोष्ट डोळे ताणून बघावी लागते. सामन्यात वीस-वीस गोळ्या एका दमात मारताना कोण ताणत बसणार? खगोलवालेच सांगतात की व्यास जितके मिलिमीटर तितकी पट आरामाची, आणि हवा चांगली असेल तर दुप्पटही चालते. त्या हिशोबाने ५६ मिमीवर ८० पट मर्यादेच्या आतच आली की.

काचबिंदू

आरामाचा मुद्दा मान्य. म्हणूनच ४० ते ५५ मध्ये बहुतेक लोक सुखी असतात, २९ वर कोणी थांबत नाही. पण खगोलवाले रात्री वर बघतात, वर हवा विरळ होत जाते. आपण भर उन्हात तापलेल्या जमिनीला चिकटून जवळपास एक किलोमीटर हवेतून आडवं बघतो. 'हवा चांगली असेल तर' ही अट आपल्या नशिबी सकाळचा पहिला तास, नाहीतर ढगाळ दिवस.

दुसरं म्हणजे एक्झिट प्युपिल, आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. व्यास भागिले पट. ५२ भागिले ५५ म्हणजे ०.९५ मिमी. ५६ भागिले ८० म्हणजे ०.७ मिमी. एक मिलिमीटरच्या खाली गेलं की चित्र अंधारतं, डोकं केसभर हललं तरी काळी सावली शिरते, आणि ज्यांच्या डोळ्यांत तरंगते कण आहेत त्यांना ते थेट व्ही-बुलवरून पोहताना दिसतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे ध्यानात ठेवा.

दीडशहाणा

ते कण मलाही दिसतात, बरं का. मी त्यांना नावं ठेवली आहेत.

बायपॉडबाई

आता दुपारच्या सामन्यात काय होतं ते सांगते, कारण पटीचा खरा निकाल तिथे लागतो.

ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून वर येते. गरम आणि थंड हवेचे थर प्रकाश वेगवेगळा वाकवतात आणि टार्गेट पाण्याखालच्या नाण्यासारखं डुलायला लागतं. हे मृगजळ स्कोपमध्ये पटीबरोबर वाढतं. ५५ वर व्ही-बुलची कडी कडी राहत नाही, राखाडी डाग होतो. तोच स्कोप ३० वर आणा. डाग लहान होतो, कडा पुन्हा जुळतात आणि डोळा आपोआप मध्य शोधतो. म्हणून कमाल पटीपेक्षा मी खालची पट आधी बघते. १० किंवा १५ पासून सुरू होणारा स्कोप हवा, आणि मधल्या ३० ते ४० च्या पट्ट्यात काच खणखणीत हवी. तुम्ही सामन्याचा निम्मा वेळ तिथेच काढणार आहात.

मृगजळाला शिव्याही घालू नका, वाऱ्याची बातमी तेच देतं. साइड फोकस (स्कोपच्या बाजूच्या चाकाचा) टार्गेटवरून किंचित अलीकडे आणलात की मधल्या टप्प्यातल्या हवेच्या लाटा स्पष्ट होतात. त्या डावीकडून उजवीकडे वाहताना दिसल्या तर वारा तिकडे चाललाय. लाटा सरळ वर उकळायला लागल्या की आडवा वारा तेवढ्यापुरता पडलाय, किंवा गोळीच्या रेषेत समोरून नाहीतर पाठून येतोय. उकळी बघून घाईने मारू नका, बहुतेक वेळा तो वारा दिशा बदलण्याच्या बेतात असतो. हे सगळं बघायला साइड फोकसचं चाक मऊ आणि बारीक फिरणारं हवं. काही स्कोपमध्ये ६०० यार्डांपासून अनंतापर्यंतचं सगळं अंतर चाकाच्या इवल्याशा फिरण्यात कोंबलेलं असतं. तिथे १००० यार्डांचा फोकस साधणं म्हणजे वैताग. जाहिरातीत पट मोठ्या अक्षरांत असते, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

अजून एक, यावर कोणी बोलत नाही. जास्त पटीवर दृश्य इतकं अरुंद होतं की टार्गेटचा नंबर चौकटीबाहेर जातो. गोळी भरताना रायफल जराशी सरकली की शेजारच्याचं टार्गेट अगदी तुमच्यासारखंच दिसतं. क्रॉस-फायर म्हणजे तुमच्या खात्यात शून्य, आणि शेजारी वर हसतो. नंबरावर नजर टाकल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नका.

नुसताच_वाचक

हे वाचून स्कोप न घेता नुसतं मृगजळ बघायला जावंसं वाटतंय. वाचनखूण साठवली.

तिरपा_वारा

बाई, फार उपयोगी. काचबिंदू काकांचंही. ८० चं खूळ बहुतेक उतरलं. आता रेटिकल आणि क्लिक (नेम सरकवणाऱ्या चाकाची एक पायरी) यांचं सांगा. एमओएऐवजी मिल या मापाचा घ्यावा का? दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धांमध्ये सगळे मिलच वापरतात.

शून्यावर_परत

स्टीलच्या प्लेटांवर, वेगवेगळ्या अंतरांवर, घड्याळ लावून मारायचं असेल तर मिल आणि पहिलं फोकल प्लेन. तिथे रेटिकलवरच्या खुणांनी मोजून नेम सरकवायचा असतो, म्हणून प्रत्येक पटीवर खुणांचं माप खरं असावं लागतं. तुमचा खेळ तो नाही. अंतर ठरलेलं, टार्गेटच्या कड्यांचं माप माहीत. नेम सरकवायला त्या कड्याच पुरतात. म्हणून दुसरं फोकल प्लेन घ्या. पट वाढली तरी रेघ तेवढीच बारीक राहते, आणि टार्गेटच्या तुलनेत आणखी बारीक होते. तुमची जाड रेघेची तक्रार तिथेच मिटली. मध्यावर बारीक ठिपका असेल तर उत्तम. ०.१२५ एमओएचा ठिपका १००० यार्डांवर १.३ इंच झाकतो, ५ इंचांच्या व्ही-बुलमध्ये त्याच्या चारही बाजूंना जागा उरते. रेघ अतिबारीकही नको, काळ्या बुलवर ती हरवते.

क्लिक: १००० यार्डांवर पाव एमओए म्हणजे २.६ इंच, अष्टमांश एमओए म्हणजे १.३ इंच. ०.१ मिलचा क्लिक तिथे ३.६ इंचांची उडी मारतो. व्ही-बुल ५ इंचांची असताना ३.६ च्या पायऱ्या कशाला? नाइटफोर्स कॉम्पिटिशन आणि गोल्डन ईगल दोन्ही अष्टमांशाचे आहेत, दुसऱ्या फोकल प्लेनचे आहेत, ३० मिमी नळीचे आहेत. हे स्कोप बनलेच या खेळासाठी.

काचबिंदू

नळीवरून आठवलं. ३४ मिमीच्या नळीतून जास्त उजेड येतो हा समज अजून मरत नाही. उजेड पुढच्या भिंगातून येतो. जाड नळीचा फायदा आतली यंत्रणा वर-खाली सरकायला जागा मिळते हा, आणि थोडी जास्त ताकद. बस.

शून्यावर_परत

बरोबर. त्या सरकण्याच्या जागेचा हिशोब मात्र कराच. १०० यार्डांच्या झिरोवरून (नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी जुळणी) १००० यार्डांवर जायला .३०८ ला साधारण ३० ते ४० एमओए वर चढावं लागतं, गोळी आणि वेगाप्रमाणे. समजा स्कोपची उभी हालचाल एकूण ५५ एमओए आहे. मध्यावरून वर मिळाले साडेसत्तावीस, म्हणजे पोचलाच नाहीत. स्कोपखाली २० एमओएचा उताराचा रेल (स्कोप बसवायची पट्टी) लावा, वर साडेसत्तेचाळीस झाले आणि खाली साडेसात उरले. १०० ला झिरोही होतो, १००० लाही पोचता. आणि १००० वर यंत्रणा नळीच्या टोकाला न जाता मध्यापासून फार लांब राहत नाही, तिथे काचही चांगली वागते. नळी गोल असते. उभ्या दिशेने टोक गाठलं की आडव्या हालचालीला जागा उरत नाही, हे अनेकांना वाऱ्याच्या दिवशीच कळतं.

दीडशहाणा

सगळे काच, पट, क्लिक करताहेत. स्कोप झिरो धरतो का, हे कोणी विचारतच नाहीये.

शून्यावर_परत

तिकडेच येत होतो. माझ्या मते पूर्ण धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

माझ्याकडे एक नामांकित स्कोप होता, काच नितळ, क्लिक कुरकुरीत. गोळ्यांचा गट मात्र कधी पाऊण इंच डावीकडे, कधी वर. बॅरल, काडतुसं, बेडिंग (दस्त्यातली बैठक), सगळं उसवून झालं. शेवटी एका बेंचरेस्टवाल्या (टेबलावर रायफल टेकवून मारणाऱ्या) मित्राकडे जोडसाचा होता, म्हणजे एकाच ताठ पट्टीवर दोन स्कोप शेजारी शेजारी बसवायची सोय. एक भरवशाचा, एक माझा. रायफलवर लावून दोन्ही रेटिकलं एकाच बिंदूवर आणली, एक गोळी मारली, पुन्हा दोन्हींतून बघितलं. माझ्याचं रेटिकल बिंदूवरून सरकलेलं होतं. दुसरी गोळी, परत जागेवर. तिसरी, परत सरकलं. आतल्या नळीला धरणारी स्प्रिंग ढिली होती. कंपनीने दुरुस्त करून दिला, पण कागदावरच्या वैशिष्ट्यांत याचा पत्ता लागत नाही.

बेंचरेस्टमध्ये काही जण याच भीतीने स्कोपची आतली हालचाल कायमची गोठवून घेतात आणि झिरो बाहेरच्या माउंटवरून करतात. आपल्याला तेवढं जायची गरज नाही. पण घेतल्यावर पहिलं काम: १०० यार्डांवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेघ आखा, खालच्या बिंदूवर नेम धरून ३० एमओए चढवा. गट ३१.४ इंच वर पडायला हवा, आणि रेघेवरच. मग ३० उतरवा, गोळी पहिल्याच भोकांत जायला हवी. एफ-क्लासमध्ये ३० चे ३०.३ झाले तरी चालतं, साइटर शॉटमध्ये (सुरुवातीच्या चाचणीच्या गोळ्यांत) ते सुधारता येतं. परत न येणारा झिरो मात्र चालत नाही.

तिरपा_वारा

आणि वजन?

बायपॉडबाई

एफ-टीआरची हद्द ८.२५ किलो, त्यात बायपॉड, स्कोप, रिंगा, सगळं आलं. तुमच्याकडे साडेनऊशे ग्रॅम उरतात. नाइटफोर्स कॉम्पिटिशन ८०० च्या आत बसतो, गोल्डन ईगल थोडा वर. रिंगा आणि रेल धरून काटा अगदी टोकावर जाईल. दीडशहाण्यांचं ऐकू नका, ते एफ-ओपन या दुसऱ्या गटातले आहेत. त्यांना १० किलो मिळतात आणि पुढचा रेस्ट त्यात धरत नाहीत.

दीडशहाणा

हे खरं आहे. माझ्या रायफलवर फ्रिज जरी बांधला तरी वजनात बसेल.

काचबिंदू

फोकस लावायचा क्रम पण सांगून ठेवतो, कारण पॅरॅलॅक्सच्या (डोकं हललं की रेटिकल टार्गेटवरून सरकण्याच्या) निम्म्या तक्रारी इथल्या असतात. आधी आयपीस. स्कोप कोऱ्या आकाशाकडे धरा (सूर्याकडे नव्हे), क्षणभर बघा, नजर काढा, पुन्हा बघा. पहिल्या नजरेलाच रेटिकल काळं कुळकुळीत दिसेपर्यंत आयपीस फिरवा. टक लावून बघत फिरवलंत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. चष्मा लावून मारत असाल तर चष्म्यासकटच. एकदा जमलं की त्याला हात लावायचा नाही. मग साइड फोकस. चाकावरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका. डोकं अगदी थोडं वर-खाली करा, रेटिकल टार्गेटवरून सरकत नसेल तर बरोबर. सकाळी लावलेला फोकस दुपारी बदलतो, तापमानाने काच आणि हवा दोन्ही बदलतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा बघा.

आणि पुढच्या भिंगावर लांब सनशेड लावा. बॅरलवर कापडी पट्टा ताणला तर तापलेल्या बॅरलची वाफ स्कोपसमोर येत नाही. जमिनीचं मृगजळ तुमच्या हातात नाही, बॅरलचं आहे.

तिरपा_वारा

सगळ्यांचे आभार. मी १५-५५ कडे झुकलोय. घेण्याआधी क्लबमधल्या एकाच्या स्कोपमधून दुपारी दोन वाजता बघायची परवानगी मिळालीये, सकाळी नाही. गोल्डन ईगलही कोणाकडे मिळाला तर त्याच दिवशी शेजारी लावून बघेन, दोन्ही ४० वर ठेवून.

शेवटचा प्रश्न. रायफल किंचित कलली तर किती फरक पडतो? स्पिरिट लेव्हल लावायची गरज आहे का?

शून्यावर_परत

३५ एमओए चढवलेले असताना एक अंशाचा कल म्हणजे ०.६ एमओए आडवं, १००० यार्डांवर सव्वासहा-साडेसहा इंच. व्ही-बुल ५ इंचांची आहे. कल कायम तेवढाच राहिला तर काही बिघडत नाही, साइटरमध्ये निघून जातो. बायपॉडचा एक पाय मऊ मातीत हळूहळू रुतत गेला आणि तुम्ही त्याला वारा समजून दुरुस्त करत बसलात, की गोंधळ. लेव्हल लावा. पण नळीवर अशा जागी लावा, की नेम धरलेला असताना दुसऱ्या डोळ्याला दिसेल. मान वर काढून बघावी लागत असेल तर तिसऱ्या गोळीनंतर तुम्ही ती बघणार नाही.

पिटातला

आणि दुपारी दोनला बघायला येणार असाल तर मार्कर कोण आहे ते विचारून या. मी असेन तर डिस्क जरा जपून, मधोमध लावतो.